सेकंड-हँड शिडाची बोट घेताय? आधी ओहोटीला जाऊन बघा

नेरूळ, बेलापूर, ठाणे या पट्ट्यात राहणाऱ्या आणि शिडाची बोट घ्यायचं मनात असलेल्या जोडप्यांसाठी हे लिहितेय. आम्ही दोघांनी जवळपास दोन वर्षं शोधाशोध केली, एक बोट घेता घेता राहिली, तिच्या टोकनचे पैसे गेले, आणि मग घेतलेल्या २२ फुटी फायबरच्या बोटीचा आता आमच्याकडे तिसरा सीझन चालू आहे. या सगळ्यात जे कळलं ते आम्हाला आधी कोणी सांगितलं असतं तर पैसे आणि भांडणं दोन्ही वाचली असती.

पहिली बोट बघितली ती पौर्णिमेच्या दुपारी साडेबाराला. खाडी काठोकाठ भरलेली, बोट पांढरीशुभ्र, नवीन रंग, डोलकाठी उन्हात चमकतेय, आणि नवरा तिथेच म्हणाला, अगं हीच घेऊया. मलाही आवडली, खोटं कशाला बोलू. टोकन दिलं. चार दिवसांनी एक माप घ्यायचं राहिलं म्हणून पुन्हा गेलो तर ओहोटी लागलेली, बोट चिखलात एका अंगावर कललेली, आणि पाण्याखाली असणारा सगळा भाग उघडा. कील, म्हणजे बोटीच्या पोटाखालचं जड पातं, जिथे पोटाला जुळते तिथे पुढच्या टोकाला वीतभर आडवी चीर, आणि चिरेतून खाली गंजाचा तपकिरी ओघळ. नवीन रंग फक्त पाण्याच्या रेषेच्या वर होता. विकणाऱ्याने टोकन परत केलं नाही कारण आम्ही काही लिहूनच घेतलं नव्हतं.

तेव्हापासून आमचा नियम एकच, कुठलीही बोट भरतीला बघून ठरवायची नाही. दिवाळे कोळीवाड्यातले एक काका, ज्यांनी नंतर आम्हाला खूप मदत केली, त्यांनी हिशोब शिकवला: तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या आसपास भरती आणि बाराच्या आसपास ओहोटी. पण अष्टमीला भांग असते, पाणी फार उतरत नाही. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला मुंबईच्या बंदरात पाणी चार-साडेचार मीटरसुद्धा वरखाली होतं आणि तेव्हा पूर्ण ओहोटी सकाळी सहा-साडेसहाला आणि तशीच संध्याकाळी येते. म्हणजे बोट बघायला जायचा योग्य दिवस पौर्णिमेचा किंवा अमावस्येचा आणि योग्य वेळ पहाटेची, गमबूट घालून. हिशोब अंदाजाचा आहे, नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघाच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे लोक सगळ्यात शेवटी बघतात. बोट ठेवणार कुठे? हे ठरवल्याशिवाय बोटींचे फोटो बघायलाच बसू नका. आपल्याकडे युरोपसारख्या मरिना नाहीत की पैसे भरले आणि पार्किंगसारखी जागा मिळाली. पर्याय थोडेच, मुंबई बंदरात कुलाब्याच्या बाजूला क्लबांची मूरिंग्ज, म्हणजे पाण्यात बोट बांधून ठेवायच्या कायमच्या जागा, किंवा पलीकडे मांडवा, किंवा आपल्या खाडीत कोळीवाड्याशी बोलून आणि रीतसर परवानगी काढून. मुंबई बंदराची हद्द मुंबई पोर्ट ऑथॉरिटीकडे आणि छोटी बंदरं महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे, त्यामुळे तुमची जागा नक्की कोणाच्या हद्दीत येते ते त्या त्या ऑफिसात जाऊन विचारा, फोनवर नीट कळत नाही. ऐरोली-ठाण्याकडच्यांनी एक लक्षात ठेवा, ऐरोली आणि वाशी पुलांच्या मधला खाडीचा पश्चिमेकडचा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसार दर्जाही, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा ही मान्यता, मिळाला. तिथे मनात आलं म्हणून नांगर टाकता येत नाही, आणि टाकूही नये, त्या पक्ष्यांची ती जागा आहे.

कोळीवाड्यात जागा मागायला गेलात तर हातात पैसे घेऊन जाऊ नका, आधी नुसते भेटायला जा. जाळी कुठे लागतात, होड्यांचा रस्ता कुठला, कोणाची बोट कुठे उभी असते हे समजून घ्या. त्यांच्या पोटापाण्याच्या वाटेत आपली हौसेची बोट येता कामा नये. आम्ही तीन-चार रविवार नुसते जाऊन बसलो, मग काकांनीच जागा दाखवली.

जागा ठरली की बोटीचा आकार आणि पोट आपोआप ठरतं. उदाहरण देते, जे-२४ नावाची रेसची बोट मुंबईत बरीच वर्षं चालते, छान बोट आहे, पण तिची फिक्स्ड, म्हणजे वर न ओढता येणारी, कील पाण्याखाली १.२२ मीटर जाते. मूरिंग खोल पाण्यात असेल तर उत्तम. पण आमच्या जागेवर उधाणाच्या ओहोटीला गुडघाभर चिखल उरतो, तिथे अशी बोट दिवसातून दोनदा आडवी पडणार आणि प्रत्येक वेळी कीलच्या जोडावर ताण येणार. म्हणून आम्ही सेंटरबोर्डवाली घेतली, म्हणजे मधली फळी दोराने वर ओढून घेता येते. तिचाही त्रास आहे, चिखलात बसली की फळीच्या खाचेत चिखल आणि शंख-शिंपले दाबून भरतात आणि फळी जॅम होते. अशी बोट बघायला गेलात तर फळी पूर्ण खाली, पूर्ण वर, अशी पाच-सहा वेळा करायला लावा. विकणारा म्हणाला की थोडी अडकते पण चालतं, तर चालत नाही असं समजा. ज्या खिळीवर ती फिरते ती खिळ झिजलेली असते किंवा खाचेला आतून तडा असतो.

लांबी किती घ्यायची यावर आमच्यात खूप वाद झाले. नवऱ्याला २८-३० फुटी हवी होती, आत झोपता येईल अशी. माझं म्हणणं होतं की दोघांपैकी एकाला एकट्याने किनाऱ्यावर आणता येत नाही ती बोट आपली नाही. शेवटी १८ ते २४ फूट यावर आलो, आणि मला वाटतं जोडप्याच्या पहिल्या बोटीला हेच माप बरोबर आहे. आकार वाढला की सगळंच वाढतं, शीड जड, नांगर जड, तळाचा रंग जास्त, क्रेन मोठी, आणि रविवारी निघायच्या आधी दोन तास तयारीत जातात.

डोलकाठीची उंची मोजायला विसरू नका. नेरूळ-बेलापूरकडून गेटवे-मांडव्याकडे जायचं तर अटल सेतूखालून जावं लागतं, आणि ठाण्या-ऐरोलीकडून निघालात तर वाशीचे पूलही आले. पाण्यापासून डोलकाठीच्या टोकापर्यंतची उंची, त्यावरची अँटेना, दिवा धरून, फुटात आणि मीटरमध्ये लिहून ठेवा. पुलाखालची मोकळी उंची डेहराडूनच्या नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिसच्या चार्टवर बघा, आणि ती पाण्याच्या कुठल्या पातळीपासून मोजलीय तेही चार्टवर लिहिलेलं असतं ते वाचा. ओहोटीला आरामात गेलेली डोलकाठी परत येताना उधाणाच्या भरतीत अडकू शकते. नुसत्या डोळ्याच्या अंदाजावर पुलाखाली कधीही जाऊ नका.

आता प्रत्यक्ष बोट बघणं. इथे मी सावकाश सांगते.

दहा रुपयांचं नाणं घ्या. डेकवर गुडघ्यावर बसा आणि दर वीतभरावर नाण्याच्या कडेने हलकं ठोकत जा. चांगल्या फायबरचा आवाज कोरडा, टणक येतो, टक टक. जिथे आतल्या थरांत पाणी शिरलंय किंवा थर सुटलेत तिथे आवाज एकदम बसतो, ढब ढब, पिकलेल्या फणसावर थाप मारावी तसा. बऱ्याच बोटींच्या डेकमध्ये फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड असतं आणि जिथे जिथे नट-बोल्टची भोकं आहेत, दोर ओढायच्या चरकाखाली (विंच), रेलिंगच्या पायाशी, डोलकाठीच्या बुडाशी, तिथून पाणी शिरून ते लाकूड कुजतं. आमच्या बोटीत पुढच्या हॅचच्या, म्हणजे डेकमधल्या झडपेच्या, उजवीकडे ताटाएवढा भाग ढब वाजत होता. तो आम्ही खडूने आखून फोटो काढला आणि किमतीत कमी करून घेतला. अख्खं डेक ढब वाजत असेल तर किंमत कमी करून उपयोग नाही, सोडून द्या. चालून पण बघा, पायाखाली डेक दबतं का, आणि दोघांनीही चाला, वजन वेगळं असतं.

मग पोट. बोट पाण्याबाहेर काढलेली असेल तर हाताने चाचपा. जेलकोटवर, म्हणजे फायबरवरच्या चकचकीत बाहेरच्या थरावर, फोड आलेत का बघा, करंगळीच्या टोकापासून रुपयाएवढे. हे फायबरमध्ये पाणी मुरल्याचे फोड, फोडले की आतलं पाणी व्हिनेगरसारखं आंबट वासाचं निघतं. दोन-चार असतील तर घाबरायचं नाही, दुरुस्त होतात, पूर्ण पोटभर पुरळ असेल तर महिनोन्महिने वाळवून घासून पुन्हा थर चढवावे लागतात. सुकाणूचं पातं दोन्ही हातांनी धरून हलवा, खटखट व्हायला नको. बाहेर काढून दोन दिवस झाले तरी पात्यातून पाणी ठिबकत असेल तर आतला गाभा भिजलाय. काकांनी आमच्या बोटीला पाच मिनिटं हात लावला आणि म्हणाले, "पोरी, वरचा रंग जुना हाय ना, मंग चांगला हाय. रंग नवा दिसला का समज इकायला काढलीय." मला ते फार पटलं, कारण पहिल्या बोटीचा तो पांढराशुभ्र रंग डोळ्यासमोर होता.

बोटीच्या पोटात जिथे जिथे पाण्याच्या पाइपसाठी भोक आहे तिथे एक कॉक असतो, सीकॉक म्हणतात. प्रत्येक कॉक फिरवून बघा, फिरला पाहिजे. मग चाकूच्या टोकाने धातूवर बारीक ओरखडा काढा, मालकाला विचारून. पिवळा धातू दिसला तर ठीक, आतून गुलाबीसर तांब्याचा रंग दिसला तर खाऱ्या पाण्याने पितळेतलं जस्त खाल्लंय आणि तो कॉक कधीही बिस्किटासारखा मोडेल. कॉक बदलणं स्वस्त आहे पण बदलेपर्यंत त्या बोटीत बसू नका.

डोलकाठीला धरणाऱ्या स्टीलच्या तारा, म्हणजे रिगिंग. जुन्या सुती ओढणीचा तुकडा तारेवरून वरून खाली ओढत न्या, हाताने करू नका. कुठेही धागा अडकला तर तिथली एक तार तुटून बाहेर आलीय आणि मग ती अख्खी तार बदलायचीच. तारेच्या टोकाची दाबून बसवलेली नळी असते तिच्यावर केसासारखी चीर आहे का ते मोबाईलच्या टॉर्चने बघा. तारा दहा-पंधरा वर्षांपेक्षा जुन्या असतील किंवा किती जुन्या ते मालकालाच सांगता येत नसेल तर नवीन तारांचा खर्च धरूनच किंमत बोला. तारा ज्या पट्ट्यांना बांधल्यात त्या डेकमधून आत जातात, आतून तिथे गंजाचे ओघळ आहेत का तेही बघा.

शिडं जमिनीवर पसरून बघा, बिल्डिंगच्या गच्चीवर नेऊन पसरली तरी चालेल, आम्ही तेच केलं. नवीन कापड कागदासारखं करकरतं, जुनं जुन्या चादरीसारखं मऊ पडतं. उन्हाने शिलाई सगळ्यात आधी मरते, नखाने शिवणीवर खरवडा, दोरा तुटून आला तर पूर्ण शीड पुन्हा शिवून घ्यावं लागेल. कापड स्वतः चांगलं असेल तर शिवून घेणं परवडतं.

मोटर. छोट्या बोटीला मागे लावायची आउटबोर्ड असते. ती थंड असताना सुरू करून बघा, तुम्ही पोचायच्या आधी कोणी सुरू करून ठेवली असेल तर बंद करायला सांगा आणि चहा पिऊन या. मागून पाण्याची बारीक धार सतत पडली पाहिजे, तो कूलिंगचा पुरावा. प्रत्येक वेळी वापरल्यावर गोड्या पाण्याने धुतली का हा प्रश्न विचारा आणि उत्तर किती पटकन येतं ते बघा. ऑइल दुधाळ झालं असेल तर पाणी गेलंय. पाच-सहा एचपीची फोर-स्ट्रोक मोटर २५-२७ किलोच्या आसपास भरते, ती दोघांपैकी कोण उचलून लावणार तेही आत्ताच करून बघा.

एवढं सगळं पास झालं तरच ट्रायलला जा, आणि ट्रायल दुपारी ठेवा. सकाळी मतलई वारा मंद असतो, कुठलीही बोट गोड वागते. बारा-एकनंतर वायव्येकडून खारा वारा भरतो तेव्हा बोटीचं खरं वागणं कळतं. वारा आधी डावीकडून, मग उजवीकडून घेऊन, दोन्ही अंगांवर चालवून बघा, एका बाजूला सुकाणू खूप ओढतं का, कुठे पाणी आत येतं का, कप्प्या कुरकुरतात का.

आणि जोडपं म्हणून एक परीक्षा आवर्जून करा. मालक बोटीवर असताना एकाने काहीही न करता नुसतं बसायचं आणि दुसऱ्याने एकट्याने शीड चढवायचं, बोट वळवायची, शीड उतरवायचं, मोटर सुरू करायची, नांगर टाकून उचलायचा. मग अदलाबदल. त्यानंतर लाइफ जॅकेटसारखी तरंगणारी एखादी वस्तू पाण्यात टाकून एकट्याने परत तिच्यापाशी येऊन बोट थांबवायची. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा तीन वेळा जवळून निघून गेले, चौथ्यांदा जमलं, आणि नवरा एरवी खूप बोलतो पण तेव्हा एकदम गप्प झाला. कारण ती वस्तू म्हणजे तोही असू शकतो हे दोघांनाही कळलं होतं. भिजलेल्या माणसाला हाताने ओढून बोटीत घेणं जवळजवळ अशक्य असतं, म्हणून मागे पाण्यात खाली जाणारी शिडी आहे का आणि ती पाण्यातूनच उघडता येते का ते बघा, नसेल तर पहिला खर्च तोच. दोघांपैकी एकालाच चालवता येत असेल तर खरेदी थोडी थांबवा आणि दुसऱ्याने आधी कोर्स करावा, मुंबईत आणि मांडव्याला शिकवतात.

कागद. रजिस्ट्रेशन कोणाच्या नावावर आहे, बोटीवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर एकच आहे का, मोटरचा नंबर जुळतो का, सर्व्हे आणि इन्शुरन्स चालू आहे का. जुन्या बोटीचे कागद १९१७ च्या इनलँड व्हेसल्स कायद्याखालचे असू शकतात, त्याच्या जागी आता २०२१ चा कायदा आहे, त्यामुळे ट्रान्सफरला नक्की काय लागेल ते पैसे द्यायच्या आधी मेरीटाईम बोर्डाच्या ऑफिसात विचारून घ्या. बोट परदेशातून आलेली असेल तर कस्टम ड्युटी भरल्याची बिल ऑफ एंट्री मागा, झेरॉक्सवर समाधान मानू नका. २६/११ ला हल्लेखोर समुद्रातूनच आले होते, त्यानंतर किनाऱ्यावर तपासणी कडक आहे आणि ते योग्यच आहे, त्यामुळे कागद अर्धवट असलेली बोट कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. आणि खरेदीखत दोघांच्या नावावर करा.

टोकन देताना दोन ओळी लिहून घ्याच: सर्व्हे आणि ट्रायल समाधानकारक न झाल्यास टोकन पूर्ण परत, आणि उरलेली रक्कम कागद ट्रान्सफर झाल्यावर. आम्ही दुसऱ्या वेळी हे केलं, विकणारे गृहस्थ स्वतःच म्हणाले की बरं केलंत. सर्व्हेयर, म्हणजे बोट तपासून रिपोर्ट देणारा माणूस, तुमचा तुम्ही आणा, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. इन्शुरन्स कंपनीकडे विचारलं की मरीन हलचं, म्हणजे बोटींच्या सांगाड्याचं, काम करणाऱ्या लायसन्सवाल्या सर्व्हेयरची नावं मिळतात. छोट्या बोटीला कशाला सर्व्हेयर असं आम्हालाही वाटलं होतं, पण त्याने वायरिंगमधली जी गोष्ट दाखवली ती आमच्या दोघांच्या नजरेला कधीच पडली नसती.

घासाघीस मे महिन्यात चांगली होते, कारण पावसाळ्यात बोट बाहेर काढून झाकून ठेवायचा खर्च मालकाला नको असतो. पण मग ते चार महिने तुमच्या गळ्यात पडतात. जून ते सप्टेंबर शिडाची बोट पाण्यात ठेवायचीच नाही, म्हणून मेमध्ये घेत असाल तर ट्रायल मेच्या सुरुवातीलाच उरका आणि क्रेन, ट्रेलर, ताडपत्री, शेड याची सोय आधी करा. आमचा पहिल्या वर्षाचा खर्च बोटीच्या किमतीच्या जवळपास तिसरा हिस्सा झाला, त्यात तारा, शिडी, शिडांची शिवण आणि तळाचा रंग आला. आपल्या कोमट पाण्यात तळावर बार्नॅकल, म्हणजे घट्ट चिकटणारे छोटे कवचाचे जीव, फार लवकर धरतात, अँटिफाउलिंग रंग दर सीझनला लावायचाच, एक वर्ष टाळलं तर बोट बैलगाडीसारखी चालते.

घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात सगळे सीकॉक, नांगराचा दोर, मोटरचा इंपेलर (थंड करायचं पाणी ओढणारी रबरी चकती) आणि बॅटरी बदलून टाका, जुनं चांगलं दिसत असलं तरी. लाइफ जॅकेट अंगात घालून मापाची घ्या, फ्लेअरवरची, म्हणजे संकटात पेटवायच्या इशाऱ्याच्या नळीवरची, एक्सपायरी वाचा, व्हीएचएफ रेडिओ असेल तर मदत मागायचा चॅनेल १६ दोघांनाही लावता आला पाहिजे, आणि कोस्ट गार्डचा १५५४ नंबर दोघांच्याही फोनमध्ये आणि शिवाय डोलकाठीच्या बुडाशी जाड मार्करने लिहून ठेवा, कारण फोन भिजतो.